मारून देतो!

पुण्यामुंबईची माणसं कॉम्प्युटरमध्ये विंडोज ‘टाकतात’. आमच्या पुसदला ती ‘मारतात’. कपाशीवर फवारा मारावा, गाडीला किक मारावी, तशी विंडो मारायची. ‘दिवाळीलाच तर मारली होती’, ‘यंदा दोनदा मारा लागली’ असली वाक्यं बसस्टँडवर ऐकून परगावच्या माणसाला वाटावं, या गावाचा खिडक्यांवर काहीतरी जुना राग आहे. राग वगैरे काही नाही. एक भाऊ आहेत, आणि त्यांचा तो धंदा आहे.

भाऊंना नाव असेलच. दुकानाच्या पाटीवर ते रंगवलेलंही होतं. पण त्यावर मोबाईल रिचार्जचा फ्लेक्स लागला, त्याच्यावर आधार-पॅनचा, त्याच्यावर झेरॉक्सचा. आता मूळ पाटीचं खालचं टोक तेवढं दिसतं: ‘...करून मिळेल. उधारी बंद.’ काय करून मिळेल, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

दहा बाय आठचं दुकान. भिंतीला गजानन महाराज, त्यांच्या खाली कॉम्प्युटरची उघडी पोटं. भाऊंच्या शर्टाच्या खिशात लोहचुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, त्याच्या बाजूला दाढीचा ब्रश. तो धूळ झाडायला, दाढीला नाही. दाढी आठवड्याची वाढलेलीच असते. कमरेला पेनड्राईव्हचा जुडगा, जुन्या वाड्यातल्या सासूबाईंच्या किल्ल्यांसारखा. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं: ‘सेवन’, ‘टेन’, ‘सर्व्हर’, ‘भक्तीगीते’. एकदा घाईत त्यांनी एका कृषी केंद्राच्या लॅपटॉपला चौथा लावला आणि लॅपटॉप काही केल्या सुरू होईना म्हणून मशीनमध्येच दोष काढला, असं त्यांचा पोरगा सांगतो. पोरगा दुकानात बसतो, पण बापाच्या बाजूचा नाही.

आमच्या लहानपणी गावाकडे एक वैद्यबुवा होते. डोकं दुखो, गुडघा दुखो, सुनेचं माहेरी जाणं होवो, बुवा एरंडेल देत. पोट साफ झालं की बाकीचं आपोआप. भाऊ त्याच परंपरेतले. प्रिंटर कागद ओढत नाही? विंडो मारू. नेट हळू चालतं? विंडो मारू. एका मास्तरांचा माऊस हलेना, म्हणून भाऊंनी अडीच तास बसून विंडो मारली, वर अँटीव्हायरस टाकला, आणि सगळं झाल्यावर निघालं की माऊसच्या पोटातला सेल संपला आहे. मास्तरांनी पैसे दिले. सेलचे वेगळे दिले.

मारण्याआधी मात्र भाऊ एक प्रश्न न चुकता विचारतात. स्क्रूड्रायव्हर हातात, मान थोडी तिरकी: “आत काही कामाचं हाय का?”

या प्रश्नाचं उत्तर भल्याभल्यांना आलेलं नाही. आत काही कामाचं आहे का! समोरचा माणूस क्षणभर स्वतःत उतरतो. नोकरीची वीस वर्षं डोळ्यांपुढून जातात. पगारपत्रकं, मुलीच्या बायोडाटाच्या सहा आवृत्त्या, कुठल्या तरी बदलीविरुद्धचा अर्ज, जो पाठवला नाही. मग तो सुस्कारा सोडून म्हणतो, “तसं काही नाही, भाऊ.” दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्याला आठवतं की होतं. पण तोवर उशीर झालेला असतो, कारण भाऊंनी रात्रीच मारलेली असते.

त्यांचं एक तत्त्वज्ञानही आहे. “डीले हात नाई लावत आपन,” ते अभिमानानं सांगतात. सी ड्राईव्ह म्हणजे देह, तो जाणार. डी म्हणजे आत्मा, त्याला शस्त्र छेदत नाही. तत्त्वज्ञान चांगलं आहे. अडचण एवढीच, की जग आपला सगळा संसार डेस्कटॉपवर मांडून ठेवतं, आणि डेस्कटॉप राहतो सीमध्ये. ही माहिती पुसदमधल्या निम्म्या लोकांना विंडो मारल्यानंतर मिळाली.

तरी माणसाला लबाड म्हणायची सोय नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा निघाला आणि पोर्टल चालेना, तेव्हा भाऊ दुकानाचं शटर अर्धं ओढून रात्री दोनपर्यंत बसत. बाहेर तांड्यावरची, महागावकडची माणसं पायऱ्यांवर टेकलेली. साईट उघडली की आतून हाक यायची, “पाठवा एक!” त्या काळात त्यांनी एकदाही विंडो मारली नाही. पोर्टलच्या सर्व्हरपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, हेही एक कारण असेल.

आमच्या सर्व्हरपर्यंत पोचत होता.

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. संस्थेचं नाव राहू द्या, भागधारक वाचतात. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि ती टीव्हीवर बघता बघता आमच्या अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, “कागदाचं काही खरं नाही.” महिनाभरात नागपूरहून सर्व्हर आला. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि माल घेऊन आलेल्या पोरानं माहिती दिली, “सर, या सर्व्हरवर रेड आहे.”

अध्यक्षांच्या हातातला पेढा हातातच राहिला. पतसंस्थेच्या अध्यक्षाला ‘रेड’ हा शब्द असा भरल्या सभेत सांगायचा नसतो. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग मॅनेजरकडे. पोरानं घाईघाईनं खुलासा केला, की ही ती धाड नाही. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी साध्या चार डिस्का जोडून काम भागवायचं, असं अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी १९८८ साली मांडलं, आणि त्याला हे नाव दिलं. आमच्या सर्व्हरमध्ये डाटासाठी तीन डिस्का होत्या. तीन भावांच्या शेतीसारखा हिशेब: दोघांचं पीक माहीत असेल आणि तिघांची बेरीज माहीत असेल, तर तिसऱ्याचं कोणीही मांडून काढू शकतो. म्हणून एक डिस्क मेली तरी बाकीच्या दोघी तिचा वाटा सांगतात. अध्यक्षांनी मग पेढा खाल्ला.

सर्व्हर चालला मात्र झकास. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत, अकरा वर्षांवर सलग मुख्यमंत्री राहिले. आमच्या तालुक्यातल्या गहुलीचा माणूस, त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पुसदनं पुढे सुधाकररावांच्या रूपानं दुसराही मुख्यमंत्री दिला, पण तो दोन वर्षंही पुरला नाही. तेव्हा वसंतरावांच्या खालोखाल सलग कारकीर्द कोणाची, तर आमच्या सर्व्हरची, असं अध्यक्ष वार्षिक सभेत म्हणत. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. एका वर्षी पाकळ्या पंख्यात गेल्या आणि आठवडाभर कॅबिनमध्ये झेंडूचा वास गरम होऊन येत होता.

आणि बॅकअप? बॅकअप म्हणजे आमची वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे. मंजूर आहे, नकाशावर पुसदमधूनच जाते, काम चालू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत तरी गाडी आली. आमच्या बॅकअपचं कळंबही आलेलं नव्हतं.

मार्चमध्ये सर्व्हर रेंगाळायला लागला. मार्च म्हणजे पतसंस्थेचं लग्नघर. वसुली, व्याजआकारणी, ताळेबंद. एक पावती निघायला इतका वेळ लागे की ठेवीदार काउंटरवर पाणी पिऊन, घरी फोन करून, परत येऊन उभा राही. मॅनेजरसाहेबांनी भाऊंना बोलावलं. भाऊंनी सर्व्हरला कान लावला. खरोखर लावला, डॉक्टरसारखा.

“जुनी विंडो हाय साहेब. मायक्रोसॉफ्टनंच हात वर केले हिच्यावरचे.”

हे खरं होतं. आमच्यावर जी सर्व्हरची विंडोज होती, २००८ आरटू, तिचं पालनपोषण कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं होतं. म्हणजे आम्ही काही वर्षं पोरक्या विंडोवर लोकांच्या ठेवी मोजत होतो.

“मंग?”

“मंग काय. मारून देतो.”

“आणि डाटा?”

“डाटा तीन डिस्कावर हाय ना वेगळा. त्याइले हात नाई लावत आपन.”

तत्त्वज्ञान तेच, फक्त आत्मा डीच्या जागी ईमध्ये होता. शनिवारी संध्याकाळी भाऊंनी काम काढलं. सीची जुनी डिस्क उपटली, नवीकोरी एसएसडी बसवली, ‘सर्व्हर’ पट्टीचा पेनड्राईव्ह लावला. मधल्या वेळात ब्लोअरनं आत फुंकर मारली. दहा-बारा दसऱ्यांचा झेंडू कॅबिनभर उडाला. रात्री साडेनऊला पडदा उजळला. सर्व्हर इतका चपळ झाला होता, की मॅनेजरसाहेबांनी उगाच चारदा स्टार्ट दाबून पाहिलं.

मग माय कॉम्प्युटर उघडलं. सी होता. ई नव्हता.

भाऊंनी रिफ्रेश दाबलं. आमच्याकडे कॉम्प्युटरवर काही सुचेनासं झालं की माणसं रिफ्रेश दाबतात, तोंडानं ‘राम राम’ म्हणावं तसं. पंधरा-वीस रिफ्रेश झाले. ई नव्हता. बावीस हजार खाती, ठेवी, कर्जं, जामीनदार, सगळं त्या ईमध्ये.

“वायर असंल,” भाऊ म्हणाले. वायर हलवली. मग त्यांनी डिस्क मॅनेजमेंट नावाची खिडकी उघडली. तिथे खाली दोन डिस्कांच्या पट्ट्या दिसल्या. तिसरीचा पत्ता नव्हता. प्रत्येकीवर पिवळं चिन्ह, आणि चिन्हाशेजारी एक शब्द. भाऊंनी तो मोठ्यानं वाचला. “फॉरेन.”

कॅबिनमध्ये शांतता. मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, “नागपूरच्या माणसानं तर इथलाच माल म्हणून दिला होता.”

“मालाचं नाई साहेब. इले आपन परके वाटून राह्यलो.”

यात भाऊंनी नकळत नेमकं निदान केलं होतं. असल्या जोडडिस्कांच्या शेवटी सुमारे एक एमबीची जागा राखीव असते. त्यात तिघींची वाटणी लिहिलेली असते, आणि आपण कोणत्या मशीनच्या घरातल्या, हेही. विंडो मारली की घर तेच राहतं, भिंती त्याच, पण घरमालकाची ओळख नवी होते. डिस्का जागच्या हललेल्या नसतात; तरी त्या माजघरात उभ्या राहून म्हणतात, हे आमचं सासर नव्हे. अक्षर न् अक्षर आत शाबूत असतं. फक्त त्या बोलत नाहीत.

हे मला नंतर कळलं. त्या रात्री आम्हाला कळत होतं ते एवढंच, की सोमवारी आठ वाजता पिग्मीवाले येतील.

भाऊंनी डिस्कवर उजवं बटण दाबलं. एक छोटी यादी उघडली. त्यात त्यांना एकच ओळखीचा शब्द दिसला: बेसिक. ‘कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क’. एमएस-सीआयटीच्या वर्गात जगातली प्रत्येक गोष्ट बेसिकपासून सुरू होते. भाऊंचा चेहरा उजळला. “हे पाहा. बेसिक करून घेऊ. मंग वरून ॲडव्हान्स.”

बाण त्या ओळीवर जाऊन थांबला. ती ओळ दाबली असती तर तीन भावांची वाटणी पुसून जमीन कोरी झाली असती. सातबारा कोरा करण्याची घोषणा आमच्या भागात प्रत्येक निवडणुकीत होते. ती इतक्या स्वस्तात अमलात येणार होती.

वाचवलं ते पिग्मीवाल्या काकांनी. काका संस्थेचे सर्वांत जुने पिग्मी एजंट. सायकलवर बाजारपेठ फिरून रोजचे वीस, पन्नास, शंभर गोळा करणारे. शनिवारचा भरणा द्यायला आले होते, आणि भरणा घेणारं मशीन उघडं पडल्यामुळे दारातच बसून होते. काकांचं शिक्षण सातवी. पण आयुष्यभर लोकांचे पासबुक वाचून दाखवल्यामुळे त्यांना एक सवय लागलेली: कागदावर आहे ते सगळं वाचायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

“भाऊ, त्याच्या वरती काय लिवलं हाय?”

“कुठं?”

“बेसिकच्या वरती.”

भाऊंनी वाचलं. “इम्पोर्ट फॉरेन डिस्क.”

“फॉरेन म्हंजे परदेशच ना?”

“हाव.”

“आनि इम्पोर्ट म्हंजे?”

“म्हंजे... बाहेरून मागवनं.”

“मंग बाप्पा,” काका म्हणाले, “माल परदेशी निंगाला तर इम्पोर्टच करा लागन. बेसिक काहून करता?”

मी बावीस वर्षं या संस्थेत आहे. इतकं सरळ वाक्य मी संचालक मंडळाच्या एकाही बैठकीत ऐकलेलं नाही. भाऊ काकांकडे बघत राहिले. तज्ज्ञ माणसाला इंग्रजी शब्द दिसला की तो त्याचा अर्थ सोडून त्याची कीर्ती आठवतो. काकांना कीर्ती माहीत नव्हती, म्हणून अर्थ लागला.

भाऊंनी इम्पोर्ट दाबलं. एक चौकट आली, ओके आला. दोन सेकंद काही झालं नाही. मग पट्ट्यांचे रंग बदलले आणि ई परत आला. खरं म्हणजे ईचा एफ होऊन आला. परदेशवारीत नाव बदलतं एखाद्याचं. ते अक्षर बदलून दिल्यावर सॉफ्टवेअरनं त्याला ओळखलं. तिसरी डिस्क ब्लोअरच्या झोतात वायर निसटून पडली होती; ती जोडली, आणि बाकीच्या दोघींनी तिला तिचा वाटा सांगायला सुरुवात केली. पडद्यावर टक्के सरकू लागले. तीन टक्के. पाच टक्के. आम्ही सगळे मतमोजणीसारखे समोर बसलो. अकरा टक्क्यांना अध्यक्षांचा फोन आला, “कोण पुढे आहे?” त्यांना खरोखर दुसऱ्याच कुठल्या निवडणुकीचं विचारायचं होतं, पण मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, “आपणच, साहेब.”

रविवारी सकाळी दुसरं प्रकरण उभं राहिलं. मॅनेजरसाहेबांनी आपलं फोल्डर उघडलं, तर ‘परवानगी नाही’. त्यांच्याच फोल्डरला, त्यांनाच. भाऊंनी नव्या विंडोमध्ये ‘मॅनेजर’ याच नावाचं खातं काढलं होतं, पासवर्डही तोच ठेवला होता. तरी नाही.

हे समजवायला मात्र मला कोणी लागलं नाही. माझ्या घरी शेती आहे. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही. खातं निघालं की त्याला एक लांबलचक क्रमांक देते, ‘एस-१-५-२१’ असा सुरू होणारा आणि पुढे आकड्यांची मालगाडी. फाईलवर मालक म्हणून लागतो तो हा क्रमांक. जुना मॅनेजर जुन्या विंडोबरोबर गेला. नवा मॅनेजर नावानं, गावानं, आडनावानं तोच असला, तरी सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलेलं नाही. फेरफार करावा लागतो. भाऊंनी ‘टेक ओनरशिप’ केलं. तलाठ्याशिवाय, नोटिशीशिवाय, अर्ध्या मिनिटात फेरफार मंजूर. माझ्या चुलत्याशी असलेलं बांधाचं प्रकरण एकोणीस वर्षं चालू आहे. मी ते अर्धं मिनिट डोळे भरून पाहिलं.

मग फाईली उघडल्या, आणि मॅनेजरसाहेब मटकन खाली बसले. जप्तीच्या नोटिसा, जामीनदारांची पत्रं, सगळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कुठे मोठा एच, कुठे सेमीकोलन.

“व्हायरस,” भाऊ म्हणाले, आणि त्यांचा हात जुडग्याकडे गेला.

“थांबा!” टायपिस्ट मॅडम म्हणाल्या. रविवार असूनही आल्या होत्या, डब्यात पोहे घेऊन. त्यांनी चष्मा सरसावला, पडद्याजवळ गेल्या आणि तो चिवडा वाचायला लागल्या. चक्क वाचायला. “एच, के, के, जे, आर. भारत. हे बघा. भारतीय करार अधिनियमाच्या तरतुदीनुसार आपणास कळविण्यात येते की...” कृतिदेवमध्ये आयुष्य गेलेलं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणून काही नसतंच; आत इंग्रजी कळांचीच ओळ साठते, वरून फॉन्ट तिला देवनागरी लुगडं नेसवतो. भाऊंनी विंडो मारली, लुगडं गेलं. पत्र तिथेच होतं, उघडं. मॅडमनी फॉन्ट बसस्टँडजवळच्या एका कॅफेतून आणून टाकला, आणि जप्तीच्या नोटिसांना पुन्हा धाक आला.

इथवर सगळं परत मिळालं होतं. भाऊ पोहे खात इतके खुशीत होते, की हे संकट दुसऱ्याच कोणी आणलं आणि ते फक्त मदतीला धावून आले, असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं होतं. ही त्यांची खरी विद्या. उरलेलं आयुष्य ते आमच्याकडची हकिकत ‘मी डाटा वापस आनून देल्ला’ अशी सांगणार, आणि ती खोटीही नाही.

पण एक फोल्डर राहिलं. त्यातल्या फाईलींची नावं हिरव्या रंगात दिसत होती. मालकी घेतली, फॉन्ट टाकला, सगळे टोणे झाले. दाबलं की ‘परवानगी नाही’.

ही करणी आमच्या आधीच्या सचिवांची. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. सचिवांनी पेपरात वाचलं आणि धसका घेतला. आपलं फोल्डर कोणाच्या हाती लागू नये म्हणून गुणधर्मांच्या खिडकीत जाऊन कुलूपबंद करण्याच्या चौकटीत टिचकी मारली. विंडोजनं इमानेइतबारे कुलूप घातलं, नावं हिरवी केली आणि किल्ली सचिवांच्या खात्यात, सी ड्राईव्हवर ठेवली. तिची एक प्रत बाहेर काढून ठेवा असंही तेव्हा कोपऱ्यात सुचवलं असणार. तसली सूचना कोण वाचतं? काका रजेवर असतील. खंडणीखोरानं निदान पैसे घेऊन किल्ली देण्याचं आमिष तरी दाखवलं असतं. सचिवांनी फुकटात काम केलं आणि निवृत्त झाले.

“सीची जुनी डिस्क कुठे आहे, भाऊ?” मी विचारलं.

भाऊ पहिल्यांदाच चाचरले. भाऊ काही फेकत नाहीत. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर पुसदच्या पंचवीस वर्षांच्या डिस्का आहेत, आणि एकीचं झाकण दुसरीला, दुसरीचं सर्किट तिसरीला असा त्यांचा संसार चालतो. आमची जुनी डिस्क चांगली चालत होती. ती त्यांनी शनिवारी रात्रीच फॉरमॅट मारून एका फोटोग्राफरच्या मशीनमध्ये टाकली. लग्नसराई होती. रविवारी दुपारपर्यंत तिच्यावर दोन लग्नं आणि एक हळद उतरली होती.

भाऊंनी ती परत आणली. फोटोरेक नावाचा एक फुकटचा प्रोग्राम असतो. डिस्कवर पुसलेल्या जागा चाचपून ओळखीच्या प्रकारच्या फाईली उकरून काढतो. नावं हरवतात, माल मिळतो. रात्रभर चालवला. सकाळी माल मिळाला: हळदीचे फोटो, त्याच हळदीचे कापलेले फोटो, आणि हातात वाटी घेऊन कॅमेऱ्याकडे रागानं पाहणाऱ्या एका मावशींचे एकोणतीस. किल्ली नाही. तिच्या जागेवर मावशी बसल्या होत्या.

संचालक मंडळात मी घाबरत घाबरत विषय मांडला. कोणी रागावलं नाही. उलट एकेकाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं. त्या फोल्डरमध्ये नेमकं काय होतं, हे सचिवांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सचिवांनाही आता आठवत नव्हतं. म्हणजे त्यात काहीही असू शकत होतं.

तेव्हापासून संस्थेचं काम फार सुरळीत चालतं. अमुक ठरावाची प्रत? हिरव्या फोल्डरमध्ये. तमुक कर्जाचं मूल्यांकन? हिरव्यात. गेल्या पावसाळ्यात पिग्मीवाल्या काकांची छत्री सापडेना, तेव्हा शिपायानंही मान न वर करता तेच सांगितलं. काकांनी गंभीरपणे विचारलं, “मंग इम्पोर्ट करून पाह्यता का?”

भाऊंचं बिल आलं. पोरानं हिरव्या शाईनं लिहिलेलं. हा टोमणा होता की नुसती हाताशी आलेली शाई, कळायला मार्ग नाही. विंडो मारणे, ५०० रुपये. ब्लोअर, १००. फॉरेन डिस्क इम्पोर्ट, नग ३, ९०० रुपये. मी व्हाउचर केलं, मंजूर झालं, पैसे दिले.

जूनमध्ये लेखापरीक्षक आले. वयानं लहान, कामाला चोख. व्हाउचरची फाईल चाळता चाळता त्यांचं बोट त्या बिलावर थांबलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडे वर पाहिलं. “परदेशातून माल मागवलाय तुम्ही. याची आयातीची कागदपत्रं कुठे आहेत?”

मी काही बोलायच्या आत मॅनेजरसाहेबांनी आत आवाज दिला, “मॅडम, साहेबांना जरा ते हिरवं फोल्डर दाखवा.”